दूरच्या घराचा हिशेब

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने घर बांधण्याचा ताप पुरता भोगला होता, ह्यात शंका नाही. परंतु बांधलेले घर दुसऱ्यास भाड्याने देऊन, आपण शंभर कोसांवर राहून, ते सांभाळण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. आला असता तर त्या म्हणीस आणखी एक चरण जोडल्यावाचून तो राहिला नसता. आज हा प्रसंग पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांवर आलेला आहे. वडिलार्जित घर गावी, थोरल्या मुलाने बचतीतून घेतलेली सदनिका छत्रपती संभाजीनगरात, धाकट्याची पुण्यास, आणि दोघेही मुलगे नोकरीनिमित्त बंगलोरास किंवा सातासमुद्रापलीकडे, अशी स्थिती दर चार घरांआड दृष्टीस पडते. घरे भाड्याने दिलेली असतात. भाडे कधी येते, कधी राहते. नळ गळतो, भाडेकरू बदलतो, सोसायटीची नोटीस येते, आणि ती नोटीस बंद दाराच्या फटीत सहा महिने तशीच राहते.

ही सर्व कामे मोबदला घेऊन पाहणाऱ्या कंपन्या आता मोठ्या शहरांत निघाल्या आहेत, आणि लहान गावांतही असे काम अंगावर घेणारी माणसे आढळतात. त्यांच्याकडून घरमालकाने नेमकी कशाची अपेक्षा धरावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाडे वेळेवर यावे एवढीच, असे उत्तर कोणीही चटकन देईल. ते उत्तर अपुरे आहे, हे आमच्या घराण्यास बरीच मोठी किंमत देऊन कळले. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

लासूर स्टेशनचे घर

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे, लासूर स्टेशन लागते. मूळ लासूर हे शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीचे गाव. हैदराबाद संस्थानच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, हा मीटर गेज मार्ग सुरू झाला आणि स्टेशनाभोवती दुसरी वस्ती उभी राहिली. गंगापूर तालुक्यातील ही पेठ कापूस, कांदा व मका ह्यांच्या व्यापारावर वाढली. आमच्या आजोबांनी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घर बांधले: रस्त्याकडे तोंड करून दोन गाळे, आणि मागे चौकाभोवती राहण्याच्या खोल्या.

१९५० साली हैदराबाद संस्थानात कूळकायदा झाला आणि पुढील काही वर्षांत आमच्यासारख्या पुष्कळ घराण्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. घर तेवढे राहिले. १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ निघाले. मागून कारखानदारी आली. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शिक्षण आणि नोकरी ह्या दोन वाटांनी घरातील मुले एकामागून एक बाहेर पडली. गावात राहिले ते एकटे धाकटे काका. ते तेथेच शाळेत शिक्षक होते. साहजिकच घराची व्यवस्था त्यांच्याकडे आली. दोन गाळे आणि मागच्या तीन खोल्या भाड्याने गेल्या, भाडे काकांकडे जमा होऊ लागले, आणि आम्ही सर्वजण निश्चिंत झालो.

ही निश्चिंती बारा वर्षे टिकली. ह्या बारा वर्षांत काकांना हिशेब कोणीही विचारला नाही. ज्या माणसाने आपल्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखविली, त्याला 'गेल्या महिन्याचे भाडे किती आले?' असे विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, अशी आमची समजूत. काकांनीही आपण होऊन कधी सांगितले नाही; घरच्या माणसांना हिशेब काय द्यावयाचा, अशी त्यांची समजूत. पुढे वडील वारले, वारसांची नावे लावण्याचा प्रश्न निघाला, आणि चुलतभावंडे एकत्र बसली असता कोणीतरी सहज म्हणाले, "बारा वर्षांचे भाडे गेले कुठे?" काका म्हणाले, "घराचे घरातच गेले." त्यांच्याजवळ एकही पावती नव्हती. प्रश्न पुन्हा विचारला गेला. ह्या खेपेस आवाज थोडा चढला. काका उठून आत गेले. त्या दिवसापासून दोन घरांमध्ये जाणेयेणे राहिले नाही.

तीन वर्षांनी काका गेले. त्यांच्या दहाव्यास गावातील वृद्ध गवंडी आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "गुरुजींनी माळवद उतरवून पत्रे घातले नसते तर हे घर त्याच पावसाळ्यात बसले असते." मग त्याने कामांची यादीच सांगितली. मागची भिंत नव्याने रचली होती, संडास बांधला होता, गाळ्यांची शटरे बदलली होती. आम्ही मनाशी बेरीज केली. खर्च बारा वर्षांच्या भाड्याहून अधिक होत होता. वरची रक्कम काकांनी कोठून घातली हे विचारण्याची कोणाचीच छाती झाली नाही. आणि ज्याला विचारावयाचे तो तर निघून गेला होता.

ह्या हकीकतीत अप्रामाणिक असा कोणीच नाही, आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. लबाड मनुष्य खोट्या पावत्या तरी करून ठेवतो. प्रामाणिक मनुष्य आपल्या प्रामाणिकपणावर विसंबून कागद ठेवीत नाही, आणि संशय त्याच्यावरच येतो. दूरच्या घराचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्याचे रक्षण त्या हिशेबानेच होते. भाडे घेणाऱ्याला हिशेबाची जितकी गरज, तितकीच किंबहुना अधिक गरज भाडे वसूल करणाऱ्याला असते.

दीडशे वर्षांपूर्वीची पाच कलमे

दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याकडून काय मागावे, हे ठरविण्यासाठी नव्याने विचार करण्याचे कारण नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात मुखत्याराविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, व त्यातील पाच गोष्टी प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, मुखत्याराने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे. सूचना नसेल तेथे त्या गावच्या व त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे वागावे. दुसरी, त्या धंद्यात सामान्यतः जे कौशल्य लागते ते त्याने दाखवावे. तिसरी, मालकाने मागताच योग्य हिशेब द्यावा. चौथी, अडचणीचा प्रसंग येताच मालकास कळवून त्याचा सल्ला घेण्याचा रास्त प्रयत्न करावा. पाचवी, मालकाच्या नकळत त्या व्यवहारात स्वतःचा लाभ साधू नये. साधल्यास तो लाभ मालकास मागता येतो.

भाड्याच्या घरास हे नियम लावून पाहिले म्हणजे त्यांतील शहाणपण ध्यानात येते. छत गळू लागले हे व्यवस्थापकाने पहिल्याच पावसात कळविले तर दोन-चार हजारांत काम भागते. भाडेकरू घर सोडून गेल्यावर कळविले तर तेच काम पन्नास हजारांवर जाते. नळवाला अडीच हजारांचे बिल देतो आणि त्यातील पाचशे व्यवस्थापकास पोचतात, हा पाचव्या गोष्टीचा भंग होय. मालक व भाडेकरू ह्या दोहोंकडून दलाली घेऊन ती एकमेकांस न सांगणे हाही त्याच जातीचा दोष. व्यवस्थापक कंपनीची जाहिरात कितीही गोड असली, तरी तिला ह्या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. उत्तर देताना जी अडखळते तिच्या वाटेस जाऊ नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१६ च्या रेरा कायद्यामुळे दलालांस नोंदणी करावी लागते, म्हणून व्यवस्थापकही नोंदलेला असेल असे कित्येकांस वाटते. ती नोंदणी विक्रीच्या व्यवहारातील दलालांसाठी आहे; भाड्याच्या घराची देखभाल करणाऱ्यास ती लागत नाही. त्याअर्थी आपला लेखी करार हीच आपली खरी ढाल होय.

मेहताजी आणि मिस हिल

मालक दूर व घर भाडेकरूंनी भरलेले, ही अवस्था महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईच्या चाळींचे मालक बहुधा चाळीत राहत नसत. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यांचा मेहता वही काखोटीस मारून येई, दारोदार भाडे घेई, पावती फाडी आणि जाई. त्याचे काम वसुलीचे. भिंत ओली आहे, जिन्याचा कठडा हलतो, हे ऐकून घेणे त्याच्या कामात बसत नसे. त्यातच १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकली. महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले; मालकास दुरुस्ती परवडेना, आणि परवडली तरी ती करण्याची इच्छा होईना. इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला खास कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठलेली भाडी आता न्याय्य राहिली नाहीत असा निर्णय दिला, व १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तोवर मुंबई, विदर्भ व मराठवाडा ह्या तीन भागांस तीन निरनिराळे भाडे कायदे लागू होते. आपल्या मराठवाड्यास १९५४ चा हैदराबादचा कायदा होता. ह्या दीर्घ इतिहासाचा बोध इतकाच की, ज्या घरातून दुरुस्तीपुरतेही निघत नाही, ते घर मालकाचेही राहत नाही व भाडेकरूचेही राहत नाही.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण लंडनचे आहे, आणि ते आमच्या भगिनींनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १८६५ साली विख्यात ग्रंथकार जॉन रस्किन ह्याने मेरिलबोन भागातील पॅरडाइज प्लेस नावाच्या गल्लीत तीन पडकी घरे घेतली, आणि त्यांची व्यवस्था ऑक्टेव्हिया हिल ह्या पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणीकडे सोपविली. रस्किनची अट एकच होती: घातलेल्या पैशावर शेकडा पाच टक्के सुटले पाहिजेत. मिस हिल दर आठवड्यास स्वतः भाडे आणावयास जाई. थकबाकीच्या बाबतीत ती फार कडक असे. परंतु त्याच फेरीत ती जिना, गटार, खिडकी डोळ्यांखाली घालून येई, भाडेकरूंची विचारपूस करी, आणि पाच टक्के मालकास पोचवून जे वर उरे ते भाडेकरूंना हव्या असलेल्या सुधारणांवर खर्च करी. मालकास नेमलेले व्याज मिळाले, भाडेकरूंस राहण्याजोगे घर मिळाले, आणि हे काम इतके नावाजले गेले की तिच्या हाताखाली शिकून कित्येक स्त्रियांनी ह्याच पद्धतीने घरांची व्यवस्था पाहिली. १९१२ साली ती वारली, तेव्हा हे काम म्हणजे एक प्रतिष्ठित व्यवसाय होऊन बसला होता.

मेहता आणि मिस हिल ह्या दोघांच्याही हाती वहीच होती. फरक होता तो वहीत काय उतरते ह्याचा. मेहताच्या वहीत भाड्याचा आकडा उतरे. मिस हिलच्या कामात भाड्याबरोबर घराची प्रकृतीही पाहिली जाई. मालकाला दुसऱ्या प्रकारची वही हवी असते, मग ते शब्दांत सांगता येवो वा न येवो.

आकड्यांशी थोडा परिचय

आता पैशाची बाजू पाहू. उदाहरणादाखल असे धरा की, संभाजीनगरातील एका सदनिकेची किंमत ५० लाख रुपये असून भाडे दरमहा १४,००० रुपये आहे. वर्षाचे भाडे १,६८,००० रुपये झाले, म्हणजे किमतीच्या सुमारे ३.३६ टक्के. परंतु हे कागदावरचे उत्पन्न आहे. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले तर १,५४,००० उरले. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च १८,०००, मालमत्ता कर ६,००० आणि किरकोळ दुरुस्ती १२,००० वजा करा. व्यवस्थापकाने वसूल झालेल्या भाड्यावर शेकडा ८ घेतले तर त्याचे १२,३२०. हाती राहिले १,०५,६८०, म्हणजे किमतीच्या दोन टक्क्यांहून किंचित अधिक. रस्किनचे पाच टक्के येथे दूरच राहिले. घराची किंमत वाढते हे खरे. पण ती वाढ घर विकल्यावाचून हाती येत नाही.

ह्या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. एक महिना घर रिकामे राहण्याचे नुकसान १४,००० आहे, तर व्यवस्थापकाचे वर्षाचे वेतन १२,३२०. जो व्यवस्थापक वर्षातील एक रिकामा महिना वाचवितो, तो आपले वेतन फेडून वर थोडे देतो. जो ते करीत नाही, त्याचा टक्का कितीही कमी असला तरी तो महागच.

म्हणून वेतन कशावर द्यावयाचे ह्यास मोठे महत्त्व आहे. प्रत्येक नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचे भाडे, असा ठराव दलालाशी बहुधा असतो. ह्या ठरावात भाडेकरू वर्षागणिक बदलला तर दलालाचा फायदा आणि मालकाचा तोटा. वेतन हाती आलेल्या भाड्यावर ठरविले, तर घर भरलेले असण्यात दोघांचेही हित राहते. ज्याचे हित आपल्या हिताशी बांधलेले असते त्याच्यावर पहारा कमी ठेवावा लागतो. दुरुस्तीच्या बिलावर टक्केवारी मात्र कधीही देऊ नये. तिच्यामुळे घरात जितकी मोडतोड अधिक तितका व्यवस्थापकाचा लाभ, अशी विपरीत स्थिती उत्पन्न होते.

आयकराचाही विचार आधी करावा. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर जे उरते, त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते; प्रत्यक्ष दुरुस्तीस किंवा व्यवस्थापकास तुम्ही किती दिले हे पाहिले जात नाही. व्यवस्थापकाच्या वेतनाची निराळी वजावट मागता येत नाही. घर अनेक वारसांचे असून हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकाच्या हिश्श्याचे भाडे त्याच्या त्याच्या उत्पन्नात धरले जाते. त्यामुळे व्यवस्थापकाकडून हिस्सेवारीचा तक्ता वर्षअखेर मागून घ्यावा. मालक परदेशस्थ असेल तर भाडे देणाऱ्याने कर कापून सरकारात भरावयाचा असतो. ही गोष्ट भाडेकरूस बहुधा ठाऊक नसते. ती त्यास वेळीच सांगणे हे चांगल्या व्यवस्थापकाचे काम होय.

कागद आणि कायदा

अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही, ही समजूत अजून पुष्कळ घरांत दृढ आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदविलेलाच असला पाहिजे, मुदत कितीही असो. आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ह्याहूनही मोठे नुकसान असे की, असा करार नसेल तर वाद निघाल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ह्याउलट लिव्ह अँड लायसन्सचा नोंदलेला करार असेल, आणि मुदत संपूनही राहणारा घर सोडीत नसेल, तर २४ व्या कलमाप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो व दुप्पट दराने भरपाई मागता येते. ही नोंदणी आता ऑनलाइन, घरबसल्या, आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाने होऊ शकते. मुंबईस किंवा परदेशी असलेल्या मालकास आळसाची सबब उरलेली नाही.

मात्र हा कायदा राज्यातील प्रत्येक खेड्यास लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या शहरांस व गावांस तो लागू आहे. लासूर स्टेशनसारख्या ठिकाणी घर असणाऱ्याने आपले गाव त्यात येते किंवा कसे हे वकिलास आधी विचारावे. येत नसेल तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे नियम चालतात.

व्यवस्थापकाशी करावयाच्या करारात पुढील गोष्टी असाव्यात. भाडे थेट मालकाच्या बँक खात्यात जमा व्हावे, व्यवस्थापकाच्या नव्हे. एका ठरावीक रकमेच्या आतील दुरुस्ती त्याने न विचारता करावी, वरची विचारून करावी. दोन्हींच्या पावत्या व कामाआधीची आणि कामानंतरची छायाचित्रे पाठवावीत. घर देताना व परत घेताना पंखे, नळ, दारे ह्यांची यादी दोघांच्या सहीने व्हावी, म्हणजे अनामत परत करताना भांडण उद्भवत नाही. तीन महिन्यांतून एकदा, भाडेकरूस आधी कळवून, घर आतून पाहावे. भाडेकरूची माहिती पोलिसांस देण्याविषयी शहरोशहरी जे आदेश निघतात ते पाळावेत. सोसायटी, मालक स्वतः राहत नाही म्हणून जे जादा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. तो व्यवस्थापकास ठाऊक आहे की नाही हे विचारून पाहावे. अखेरचे, आणि फार महत्त्वाचे: त्यास सर्वाधिकाराचे कुलमुखत्यारपत्र कधीही लिहून देऊ नये. भाडे, दुरुस्ती, नोंदणी ह्यांपुरते मर्यादित, मुदतीचे मुखत्यारपत्र द्यावे. विक्रीचा व गहाणाचा अधिकार त्यात नसावा.

भाडेकरू हाही कोणाचा तरी मुलगा

येथवर मालकाची बाजू झाली. दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्यास कायद्याने मनाई आहे. व्यवस्थापकाने ती तोडली तरी दोष मालकाच्या माथी येतो. दुरुस्तीविषयीही कायदा स्पष्ट आहे: भाडेकरूने नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत मालकाने आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करण्याचा त्यास अधिकार आहे; मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच.

आणखी एक गोष्ट थोडी धीटपणे लिहितो. आपल्यातील कित्येक घरमालक व्यवस्थापकास जात व आहार ह्यांची यादी देऊन ठेवतात, आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून वदवून घेतात, म्हणजे आपल्यास कोणाशी तोंडघशी पडावे लागत नाही. आपले सोवळे अशा रीतीने दुसऱ्याच्या हातून पाळून घेणे शोभत नाही, आणि व्यवहारातही ते नुकसानीचे आहे. आमच्या लासूरच्या खोल्यांत गेल्या पंधरा वर्षांत रेल्वेतील नोकर, आडतीवरील मुनीम, वाळूजच्या कारखान्यातील कामगार असे निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक राहून गेले. ज्या एकाने भाडे बुडविले तो आमच्याच आडनावाचा होता. भाडेकरूची नोकरी पाहावी, पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करावी, करार नीट करावा. ह्यापलीकडे आडनावातून कळण्यासारखे काही नाही. आपला मुलगा आज परगावी कोणाच्या तरी दारात हेच प्रश्न ऐकत उभा असेल, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

काकांच्या मागे लासूरच्या घराची व्यवस्था आम्ही गावातील एका तरुणाकडे वेतन ठरवून दिली. करार एक पानाचा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेस तो हिशेब लिहून त्याचे छायाचित्र पाचही हिस्सेदारांस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितो: भाडे किती आले, खर्च किती झाला, पावती कोणती, शिल्लक किती. पहिल्या महिन्यात आमच्यापैकी एकाने संकोचून विचारले की, इतके बारीकसारीक लिहून मागणे त्यास अपमानाचे तर वाटत नाही ना? तो म्हणाला, "दादा, लिहिलेलं असलं की मलाच रात्री झोप लागते."

काकूंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या आमच्याबरोबर राहतात. छायाचित्रातील अक्षर त्यांस वाचता येत नाही, म्हणून दर महिन्यास हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. त्या शेवटपर्यंत ऐकतात. गेल्या महिन्यात 'पत्र्यास डांबर, मजुरीसह रुपये अकराशे, पावती जोडली आहे' ही ओळ आली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा वाचावयास लावली. आणि मग, कोणाकडेही न पाहता, "ह्यांनाही कोणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं," एवढेच म्हणाल्या.